एमएसडब्ल्यू की वेल्डर? घरातल्या दोन पगारांचा हिशोब

उंबरठा

नमस्कार मंडळी. विषय घरचा आहे, पण बऱ्याच घरांत असेल म्हणून धागा काढते.

आम्ही तिघं भावंडं, मी थोरली. धाकट्याने दहावीनंतर आयटीआयला वेल्डर घेतला. एक वर्षाचा ट्रेड, मग अप्रेंटिसशिप, आता चाकणजवळ एका फॅब्रिकेशनच्या शॉपमध्ये आहे. हातात तेवीस-चोवीस हजार पडतात, ओटी (ओव्हरटाइम) मिळाली की तीसपर्यंत जातो. मधली बारावी, बीए, मग दोन वर्षं एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची मास्टर डिग्री. म्हणजे बारावीनंतर पाच वर्षं. आज ती आमच्या जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षात कंत्राटी सामाजिक कार्यकर्ती आहे, महिन्याला १८,५३६ रुपये.

आता काकांची मुलगी बारावी झालीये आणि तिला एमएसडब्ल्यूच करायचंय. घरात रोज एकच वाद. काका म्हणतात, "दहावीवाला तीस घेतो आणि मास्टर डिग्रीवाली अठरा, मग शिकायचं कशाला?" माझ्याकडे उत्तर नाही. हा फरक सगळीकडे असाच आहे का? का आहे? धातूकामातली आणि समाजकार्यातली, दोन्हीकडची माणसं इथे आहेत हे माहीत आहे, म्हणून विचारते. उपदेश नको, आकडे सांगा.

मायक्रॉन

भोसरीत व्हीएमसी सेटर (संगणकावर चालणाऱ्या मशीनवर काम लावून देणारा) आहे, सुरुवात टर्नरने केली. ताई, तुमच्या भावाचा आकडा खरा आहे, पण काकांनी तो सगळ्या धंद्याचा आकडा समजू नये.

वेल्डर म्हणजे एक माणूस नाही. ग्रिल-शटरवाल्याकडे आर्क मारणारा वेगळा, ऑटो कंपनीत सीओटूवर दिवसभर एकच ब्रॅकेट जोडणारा वेगळा, आणि पाइपवर आर्गॉनने रूट (जोडाचा सगळ्यात आतला पहिला थर) मारणारा वेगळा. पहिल्याला पंधरा-सोळा हजारांत राबवणारे आजही आहेत. तिसऱ्याला चाळीस देऊनही माणूस टिकत नाही, तो शटडाऊनला (दुरुस्तीसाठी प्लांट बंद ठेवतात तेव्हा) रिफायनरीत जातो, नाहीतर आखातात.

सुरुवात तर आणखी बारीक. अप्रेंटिसचं किमान विद्यावेतन २०१९ च्या नियमांप्रमाणे एक वर्षाचा ट्रेड केलेल्याला ७,७००, दोन वर्षांच्या ट्रेडवाल्याला ८,०५०. त्यात चाकणला खोली, मेस आणि बस बसवून दाखवा. ते वर्ष घरच्यांच्या जिवावरच निघतं.

ओटीचं गणित मात्र समजून घ्या, फरक तिथे पडतो. कारखाने अधिनियम १९४८, कलम ५९ असं होतं: दिवसाला नऊ किंवा आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांच्या वर काम केलं तर दुप्पट दर; नोव्हेंबर २०२५ पासून त्या जागी व्यावसायिक सुरक्षा संहिता आली, ओटीला दुप्पट दर तिथेही आहे. समजा पगार २०,८०० आहे. २६ दिवसांनी भागा, दिवसाचे ८००, तासाचे १००. ओटीचा तास २००. महिन्यात तीस तास लागले तर सहा हजार वर. तुमच्या भावाचे चोवीसचे तीस असेच होत असणार. ओटीच्या तासांना तिमाहीची मर्यादा आहे, आणि कित्येक ठेकेदार दुप्पट न देता 'सिंगल'च देतात, तो वेगळा रडगाणं-विभाग.

अळणी

समाजसेवा करायची आणि वर पगारही पाहिजे? मग ती सेवा कसली. बाबा आमटेंनी पगार विचारला होता का?

नदीकाठ

@अळणी, बाबा आमटेंनी आनंदवन उभं केलं. ते कोणाच्या कंत्राटावर अकरा महिन्यांसाठी लागले नव्हते. मी लागले आहे.

उंबरठा ताई, मी तुमच्या बहिणीच्याच योजनेत दुसऱ्या जिल्ह्यात संरक्षण अधिकारी आहे. ही योजना म्हणजे केंद्राचं बालसंरक्षणाचं मिशन वात्सल्य; त्याच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये पदं आणि रकमा ठरलेल्या आहेत: संरक्षण अधिकारी २७,८०४, समुपदेशक आणि सामाजिक कार्यकर्ता १८,५३६, क्षेत्रीय कार्यकर्ता १०,५९२. केंद्र ६० टक्के, राज्य ४०. हे आकडे तक्त्यात छापलेले आहेत, त्यात महागाई भत्ता आपोआप वाढत नाही. मी पाच वर्षं काम केलं काय आणि काल लागले काय, रक्कम तीच.

आता शेजारी हे ठेवा. केंद्र सरकारचे किमान वेतनाचे दर, १ ऑक्टोबर २०२४ ला लागू झालेले, 'अ' क्षेत्र (मोठी शहरं), बांधकाम, झाडलोट, मालाची चढउतार वगैरे कामांसाठी: अकुशल कामगार दिवसाला ७८३, महिन्याला २०,३५८. कुशल ९५४, महिन्याला २४,८०४. म्हणजे तेच सरकार आपल्या ठेकेदाराला सांगतं की झाडू मारणाऱ्याला वीस हजारांच्या खाली देऊ नकोस. तो दर योग्यच आहे, आणखी वाढावा. पण तेच सरकार एमएसडब्ल्यू झालेल्या मुलीला अठरा हजारांत ठेवतं आणि त्यात कुठला कायदा मोडत नाही, कारण ते 'एकत्रित मानधन' आहे.

कामाचं सांगते. पळून आलेलं, टाकून दिलेलं, लग्नाच्या मांडवातून सोडवलेलं मूल बाल कल्याण समितीपुढे येतं. त्याच्या घरी जाऊन सामाजिक तपासणी अहवाल लिहायचा असतो. समिती त्या कागदावर ठरवते की मूल घरी जाईल की संस्थेत. चुकीचं घर 'ठीक' लिहिलं तर काय होईल याचा विचार करून मी कित्येकदा गाडी रस्त्याच्या कडेला लावून बसले आहे. प्रवासभत्त्याची बिलं मागच्या वर्षाची अजून लटकलेली. २०२३ मध्ये १०९८ ही हेल्पलाइन स्वयंसेवी यंत्रणेकडून शासनाकडे आली, तेव्हापासून आमच्याकडे रात्रीचे फोनही वाढले. रात्रीच्या तासाला दुप्पट दर आम्हाला कोणी लावत नाही.

मायक्रॉन

@नदीकाठ, हे माहीत नव्हतं. आमच्याकडे तिसऱ्या पाळीचा भत्ता दहा रुपयांनी कापला तर गेटवर घोषणा होतात.

कागदोपत्री

मी एका मध्यम आकाराच्या संस्थेत हिशोब बघतो, नाव सांगत नाही. स्वयंसेवी संस्थांचे पगार का वाढत नाहीत ते माझ्या टेबलावरून दिसतं तसं सांगतो.

पैसा दोन वाटांनी येतो. एक सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी समाजकामावर करायचा खर्च. कंपनी कायदा २०१३, कलम १३५, मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के. २०२१ च्या दुरुस्तीनंतर कंपनीचा या कामावरचा प्रशासकीय खर्च एकूण सीएसआर खर्चाच्या पाच टक्क्यांवर जाऊ शकत नाही. दुसरी वाट परदेशी देणग्यांची. तिथे २०२० च्या एफसीआरए दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आणली.

कायदा वाचला तर गावात जाऊन थेट काम करणाऱ्या माणसाचा पगार प्रकल्पखर्चात धरता येतो, 'प्रशासकीय'मध्ये नाही. पण देणगीदाराच्या माणसाला पगार हा शब्द दिसला की भुवया वर. "एका लाभार्थ्यामागे किती खर्च पडतो?" हा ठरलेला प्रश्न. शाळेच्या दप्तरांना पैसे मिळतात, शौचालयाला मिळतात, कारण त्याचा फोटो निघतो. वस्तीत वर्षभर जाऊन दारूड्या बापाला आणि शाळा सोडलेल्या पोरीला एकत्र बसवणाऱ्या बाईचा फोटो कसा काढणार? मग तिच्या पगाराची ओळ आम्हीच प्रस्तावात आधीच खाली आणून ठेवतो, नाहीतर प्रकल्प दुसऱ्या संस्थेला जातो.

आणि प्रकल्प वर्षाचा. मार्चमध्ये संपतो, नवा करार जूनमध्ये येतो. मधले दोन महिने पगार नाही, काम मात्र चालू. हे आमच्याकडेच होतं असं समजू नका.

गोकुळ शिरगाव

मी दुसऱ्या बाजूचा, म्हणजे पगार देणारा. कोल्हापूरला एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं युनिट हाय, प्रेशर व्हेसल आणि पाइपिंगची कामं करतो.

मी वेल्डरला जास्त का देतो? प्रेमानं नाही देत. बॉयलरच्या पाइपवर जोड मारला की त्याची रेडिओग्राफी (एक्स-रे) होते. फिल्मवर पोरोसिटी (बारीक भोकं) दिसली, रूटला फ्यूजन नसलं (धातू वितळून नीट जुळला नाही), की जोड बाद. मग कापा, परत बेव्हल करा (कड तिरकी घासा), परत मारा, परत फिल्म काढा. माल अडकला, इन्स्पेक्टर परत आला, गिऱ्हाइकाच्या शिव्या वेगळ्या. ज्या पोराचे शंभरातले एक-दोनच जोड परत येतात त्याला मी पाच हजार जादा दिले तरी माझा फायदाच. हे मला आकड्यात दिसतं, म्हणून माझा हात खिशात जातो. बाकी काही नाही.

आणि त्या पोराला पण माहीत असतंय. सिक्स-जी म्हणजे पाइप पंचेचाळीस अंशात पक्का बांधलेला, फिरवायचा नाही, वेल्डरनंच वर-खाली वाकून सगळा घेर मारायचा. ही टेस्ट पास झाला, आयबीआरचं (बॉयलरच्या नियमांप्रमाणे वेल्डरला मिळणारं) कार्ड हातात आलं, की तो माझ्या गेटावर पण उभा राहतो आणि शेजारच्या पण. साइटवर तर इंच-डायावर रेट ठरतो: सहा इंची पाइपचा एक जोड म्हणजे सहा इंच-डाया, जेवढे मारशील तेवढे पैसे. त्याला पगार वाढवून मागायला साहेबापुढं उभं राहावं लागत नाही, तो दुसरीकडं जातो एवढंच.

समाजकार्यवाल्या मुलीनं एक मूल नीट घरी पोचवलं तर त्याची फिल्म कोण काढणार? चुकलं तरी कुणाचं नुकसान झालं ते पंधरा वर्षांनी कळणार. आणि ज्याचं नुकसान ते पगार देणारं गिऱ्हाईक नव्हेच.

ऑर्डर पडली की चित्र बदलतं ते पण सांगतो. ओटी पहिली बंद. फौंड्रीत तर आणखी वाईट, फेटलिंगला (ओतलेल्या मालाच्या घासाघाशीला) आता इथलं पोरगं येतच नाही, परराज्यातून माणसं आणतोय.

नदीकाठ

@गोकुळ शिरगाव, "ज्याचं नुकसान ते पगार देणारं गिऱ्हाईक नव्हे". दादा, आमच्या विभागाच्या बैठकीत हे वाक्य मी वाचून दाखवणार आहे.

भट्टीपासून दूर

वय ५६. मोल्डिंग, मग फॅब्रिकेशन, शेवटी सुपरवायझर. धाग्यात वेल्डरचा पगार फार गुलाबी दिसायला लागलाय म्हणून लिहितो.

चाळिशीनंतर पगाराची रेघ आडवी होते. पंचविशीत तुम्ही टाकीच्या आत शिरून, पाठीवर झोपून ओव्हरहेड (डोक्यावरचा जोड) मारता, पंचेचाळिशीत गुडघे आणि मान नाही म्हणतात. आर्क लागलेली (वेल्डिंगच्या झोताने डोळे भाजलेली) रात्र ज्याने काढलीये त्याला विचारा, डोळ्यांत वाळू भरल्यासारखं, बटाट्याच्या चकत्या ठेवून पडायचं, सकाळी परत पाळीला. ती दोन दिवसांत जाते. धूर जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगच्या धुराला पहिल्या गटात टाकलं, म्हणजे माणसात कर्करोग होतो याचा पुरेसा पुरावा असलेल्या गोष्टींत. तंबाखू त्याच गटात आहे. किती शॉपमध्ये धूर ओढणारी यंत्रणा आहे? पंखा असतो, आणि तो धूर शेजारच्याच्या तोंडावर मारतो.

आणखी एक गंमत. ईएसआयसीची (कामगार विमा योजनेची) पगारमर्यादा जानेवारी २०१७ पासून २१,००० आहे. पगार बावीस झाला की कुशल कामगार दवाखान्यातून बाहेर. कंपनीने गटविमा काढला तर ठीक, ठेकेदाराकडे असाल तर देवावर भरवसा.

तेव्हा तीस हजार म्हणताना त्यातले काही शरीराचे आगाऊ घेतलेले आहेत असं धरा.

उंबरठा

भावाला हे वाचायला दिलं. म्हणाला, "मास्क चांगला घेतलाय." विषय संपला त्याच्या बाजूने :-)

बाकी एक प्रश्न. बहिणीला अठरा, नदीकाठ ताईंना सत्तावीस. एमएसडब्ल्यूला याच्या वर काहीच नाही का?

पाचशे एक

आहे. आणि ते धातूवाल्यांच्याच दारात आहे.

मी एमएसडब्ल्यू, पुण्याची. आज एका इंजिनिअरिंग कारखान्यात कामगार कल्याण अधिकारी आहे. कारखाने अधिनियमाचं कलम ४९ म्हणायचं की ५०० किंवा जास्त कामगार असतील तिथे कल्याण अधिकारी नेमलाच पाहिजे. त्या जागी नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत हीच संख्या २५० धरली आहे. महाराष्ट्रात या पदासाठी मान्यताप्राप्त समाजकार्य किंवा श्रमकल्याणाची पदवी लागते. म्हणजे इथे पगार कुणाच्या दयेवर नाही, माणूस नसेल तर कारखान्याच्या तपासणीत शेरा येतो. मला सुरुवातीलाच माझ्या वर्गातल्या संस्थेत गेलेल्या मैत्रिणींच्या जवळपास दुप्पट मिळालं. त्या माझ्याहून हुशार होत्या, हे मुद्दाम लिहिते.

काम? कॅन्टीन (जुन्या अधिनियमात २५० कामगारांच्या वर सक्तीचं होतं, संहितेत १०० पासून), पाळणाघर, अपघात झाला की घरी निरोप द्यायला जाणं, व्यसनामुळे गैरहजर राहणाऱ्याच्या बायकोशी बोलणं, पीएफचे अडकलेले अर्ज. माझ्या सरांनी वर्गात शिकवलेलं 'केसवर्क' मी जितकं इथे केलं तितकं संस्थेत केलं नसतं. अर्थात टोचणीही आहे. पगार व्यवस्थापन देतं आणि ऐकायचं कामगारांचं. दोन्ही बाजूंना तुम्ही दुसऱ्या बाजूचे वाटता.

एमएसडब्ल्यूला प्रवेश घेताना विशेषीकरण विचारतात. ज्यांना घर चालवायचंय त्यांनी मनुष्यबळ आणि श्रमकल्याणाचा विषय बघावा. मला हे कोणी सांगितलं नव्हतं, खिडकीवरच्या क्लार्कने सांगितलं.

कागदोपत्री

आणि मग वस्तीत जायला कोणी उरत नाही. :-(

पाचशे एक

@कागदोपत्री, वस्तीत जाणाऱ्याला नीट पगार द्या, मी उद्या येते.

केसपेपर

वैद्यकीय समाजकार्याचा कोणी उल्लेख केला नाही. मी शासकीय रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय) आहे. सातव्या वेतन आयोगात ३८,६००–१,२२,८०० ही श्रेणी, वर महागाई भत्ता, घरभाडे, दरवर्षी जुलैत वेतनवाढ. उंबरठा, तुमच्या बहिणीची आणि माझी पदवी एकच. फक्त माझी मूळ सुरुवातच तिच्या दुपटीहून वर, आणि ती वाढत जाते. तिची थांबलेली आहे.

अडचण जागांची. जाहिरात कधी येईल सांगता येत नाही, आली की एका जागेमागे उमेदवारांची रांग. माझ्याबरोबर तयारी करणारे अर्धे लोक वय निघून गेल्यावर शाळेत, बँकेत, कुठेकुठे लागले.

@गोकुळ शिरगाव यांच्या फिल्मच्या मुद्द्याला एक पुस्ती. आमच्या कामाचा हिशोब निघू शकतो, कोणी काढत नाही. धर्मादाय रुग्णालयांचं उदाहरण घ्या. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेप्रमाणे त्यांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या असतात, त्यासाठी बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत बाजूला ठेवायची असते. पिवळं रेशनकार्ड घेऊन दारात उभ्या असलेल्या माणसाला त्या खाटेपर्यंत नेतो कोण? समाजकार्यकर्ता. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला नाही, आधारवर नाव चुकलंय, नातेवाईक गावी. महिन्यात अशा किती कुटुंबांची बिलं वाचली ते लिहून काढलं तर एका माणसाच्या वर्षाच्या पगाराचा आकडा लाजेल. आमच्या रजिस्टरमध्ये फक्त 'रुग्णास मार्गदर्शन केले' असं लिहितात.

मी स्वतः आता रक्कम लिहिते. वरिष्ठांनी विचारलं हा रकाना कुठून आला.

मायक्रॉन

सरकारी श्रेण्यांचा विषय निघालाच तर आमच्या बाजूचे आकडेही ठेवतो, म्हणजे तुलना सारखी होईल. रेल्वेत टेक्निशियन ग्रेड-३ ची सुरुवात १९,९०० मूळ वेतनावर होते, स्तर २. मुंबईतल्या माझगाव डॉकच्या २०२४ च्या जाहिरातीत कुशल कामगार ग्रेड-१ ला १७,०००–६४,३६० श्रेणी होती, तीही ठरावीक मुदतीच्या करारावर. वर भत्ते असतात, हातात बरे येतात. तरी सरकारी कायम पदांची कायम पदांशी तुलना केली तर केसपेपर यांची श्रेणी आमच्या फिटरच्या वर आहे. काकांना हे सांगा. पदवीचा पगार पदवीच्या जागेवर बसलं तर मिळतो. जागाच नाहीत म्हणून माणसं योजनेच्या तक्त्यात बसवली आहेत.

आमच्याकडे उलटं. कायम जागा कारखान्यातही संपत आल्या, पण बाहेर मागणी आहे. त्यामुळे कंत्राटी असून भाव मिळतो. निदान हात चालतोय तोवर.

अळणी

बरं बाबांनो, सेवेवरचा माझा प्रतिसाद मागे. पण एक सांगा, वेल्डरसारखी समाजकार्यवाल्यांची टेस्ट का नाही? डॉक्टरला नोंदणी, वकिलाला सनद, नर्सला परिषद. तुमच्याकडे कोणीही पिशवी अडकवून 'समाजसेवक' म्हणवतो.

नदीकाठ

@अळणी, पहिल्यांदाच कामाचं बोललात. डॉक्टरसारखी देशभर सक्तीची नोंदणी आमच्या व्यवसायाला नाही. १९३६ साली मुंबईत टाटांच्या संस्थेत समाजकार्याचं शिक्षण सुरू झालं. नव्वद वर्षं होत आली, वर्गात तोच वाद चालू आहे. काही जुन्या कार्यकर्त्यांना भीती आहे की सनद आली की गावातल्या अनुभवी, पदवी नसलेल्या बायका बाहेर पडतील. भीती खोटी नाही. पण सनद नसल्याने माझ्या खुर्चीवर समाजकार्य न शिकलेला पदवीधर बसवायची वाट मोकळी राहते आणि दर तिथेच अडतो.

स्टुटगार्टहून

जर्मनीत आहे, एका मशीन बनवणाऱ्या कंपनीत. मूळ छत्रपती संभाजीनगरचा, तिथल्या इंडो-जर्मन टूल रूमचा टूल अँड डाय मेकर. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाचा आणि इथल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याचा कुशल मनुष्यबळाचा करार झाल्यापासून गावाकडून रोज फोन येतात, म्हणून लिहितो.

इथे धातू उद्योगात संघटनेच्या करारावर आठवड्याचे ३५ तास आहेत. पगार कामाच्या श्रेणीवर, कंपनीच्या मर्जीवर नाही. पण सांगायचं आहे ते माझ्या बायकोबद्दल. तिने इथे समाजकार्य शिकून नगरपालिकेच्या युवक कार्यालयात नोकरी धरली. म्हणजे नदीकाठ ताईंचंच काम, मुलांना असुरक्षित घरातून हलवायचं की नाही हे ठरवणं. त्यांच्यासाठी सार्वजनिक सेवेच्या करारात वेगळा वेतनतक्ता आहे. २०२२ मध्ये त्यांनी संप केले. तडजोडीत समाजकार्यकर्त्यांना महिन्याला १८० युरो जादा भत्ता आणि वर्षाला दोन जादा सुट्ट्या मिळाल्या, कामाच्या मानसिक ताणापोटी. आमच्या दोघांच्या पगारात आता भांडण होण्याएवढा फरक नाही.

वेल्डर भाच्यांना मात्र सांगून ठेवतो: भाषा शिकल्याशिवाय विमानात बसू नका. आणि एजंटला पैसे देऊ नका.

गोकुळ शिरगाव

@स्टुटगार्टहून, तुम्ही असेच आमचे वेल्डर नेत राहा, मग मलाच एमएसडब्ल्यू करावं लागंल.

केसपेपर

@नदीकाठ, तुमच्याकडे कंत्राटी कर्मचाऱ्यांची संघटना आहे का? आमच्याकडे आरोग्य अभियानातल्या कंत्राटी लोकांनी एकत्र येऊन निदान बोलणी तरी सुरू केली.

नदीकाठ

व्हॉट्सअ‍ॅप गट आहे. मार्च आला की त्यात सगळे गप्प असतात, करार नूतनीकरण व्हायचं असतं ना.

उंबरठा

सगळ्यांचे आभार. काल काका-काकूंपुढे हा सगळा धागा मोबाइलवर वाचला. काकांचा मुद्दा निम्मा राहिला, निम्मा गेला. चुलतबहीण एमएसडब्ल्यूच करणार, पण प्रवेशाआधी विशेषीकरणाचं बघणार. बहीण केसपेपर यांच्या परीक्षेचा अभ्यासक्रम शोधतेय, वय अजून हातात आहे. तिने विचारलंय: जाहिरातीत पद चांगलं वाटतं आणि नंतर मानधनाचं निघतं, आधी कसं ओळखायचं?

केसपेपर

तिला सांगा, जाहिरातीत तीन गोष्टी आधी शोधायच्या. वेतनस्तर लिहिलाय की नुसती एक रक्कम? 'एकत्रित', 'ठोक' किंवा 'मानधन' दिसलं तर ती योजना आहे. नेमणूक किती महिन्यांची? आणि पद मंजूर आकृतिबंधातलं (मंजूर पदांच्या यादीतलं) आहे का? पहिल्याचं उत्तर एक रक्कम असेल तर अर्ज करा, पण सरळसेवेचा अभ्यास सोडू नका. आणि अनुभव प्रमाणपत्र दरवर्षी मार्चमध्येच सहीनिशी घेऊन ठेवा. पाच वर्षांनी मागायला गेलं की तो अधिकारी बदललेला असतो आणि फाइल मिळत नाही.

उंबरठा

नोंद केली. भाऊ विचारतोय, सिक्स-जीची तयारी कामावर असताना कशी करायची? त्याच्या शॉपमध्ये सगळं प्लेटचंच काम आहे.

गोकुळ शिरगाव

प्लेटवर मारून पाइप येत नाही. भंगारातनं दोन-तीन इंची शेड्यूल एटीचे (जाड भिंतीच्या पाइपचे) तुकडे किलोवर आणायला सांगा, स्टँडला पंचेचाळीसमध्ये बांधून रविवारी नुसता रूट मारू दे. रूट जमला की वरचे पास येतातच. आधी आर्गॉनची टॉर्च हातात बसू दे, पैसे भरून टेस्टला बसायची घाई नको. दिवाळीनंतर इकडं आला तर माझ्या शॉपमध्ये एक बे (कामाची जागा) मोकळा आहे, गॅसचे पैसे तेवढे त्यानं द्यावेत.